गाडीखालचा नचिकेत

आधीच सांगतो. ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्याने इथूनच मागे फिरावं. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

ही गोष्ट माझ्या आतेभावाची. अवधूत त्याचं नाव. मी त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारलं, उलटसुलट विचारलं, चिडवून विचारलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. आणि शेवटचा भाग तर माझ्यासमोर घडला. मी विनायक. तोक्योत एका ट्रेडिंग कंपनीत आहे, शुद्धीत असतो, आणि भुताखेतांच्या पानांवर लिहायची ही माझी पहिलीच वेळ.

रात्र नव्हती. लोकांना भूत म्हटलं की अमावास्या लागते, घुबड लागतं.

हे घडलं भर दुपारी. लख्ख उन्हात. गेल्या वर्षीच्या जानेवारीत.

जागा, हामामात्सू शहराच्या दक्षिणेचा समुद्रकिनारा. तिथे वाळूच्या टेकड्या आहेत. जपानात कसलं आलंय वाळवंट, असं म्हणाल. जाऊन बघा. हिवाळ्यात तिथे बर्फ नाही, पाऊस नाही, माणूस नाही. फक्त वारा. कोरडा, माथेफिरू वारा. दातांत वाळू, कानांत वाळू, भातात वाळू.

तिथे अवधूत राहत होता. मोटरहोममध्ये. तो आणि त्याचा जिवलग मित्र नचिकेत.

हौस म्हणून नाही बरं का. दोघांचं कंत्राट डिसेंबरात संपलं. कावासाकी शहरातली कंपनीची खोली सोडावी लागली. मार्चच्या आत नवी नोकरी मिळाली नाही तर व्हिसा जाणार, बॅगा भरून परत. अवधूतने हे कुडाळला आईला सांगितलंच नव्हतं. तिने गावभर सांगून ठेवलेलं, माझा मुलगा जपानात इंजिनीअर आहे म्हणून. कुठल्या तोंडाने परत जाणार?

ओळखीतलं एक कुटुंब कायमचं मुंबईला निघालं होतं. त्यांनी जाताना आपला जुना मोटरहोम या दोघांच्या गळ्यात मारला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने कांद्याच्या शेताच्या टोकाला, टेकड्यांच्या पायथ्याशी, गाडी लावायला जागा दिली. हिवाळा काढायचा, नोकरी शोधायची, असा बेत ठरला.

गाडी म्हणजे दुखण्यांचं गाठोडं होती. आज छताचा पत्रा उडतोय, उद्या पाण्याचा पाइप थंडीने तडकतोय, परवा हीटरच्या नळीत वाळू. दुरुस्ती सगळी नचिकेतकडे. तो सदाशिव पेठेतला, पण हात मेकॅनिकचे. सदा गाडीखाली. अवधूतकडे स्वयंपाक आणि नट खोलायचे पाने हातात देणं.

"कोकण्या, दहाचा दे. अरे दहाचा! हा बारा आहे. मासे बरे ओळखतोस रे पाण्यातले."

"तू खालूनच बडबड. वर आलास की आमटीत वाळू घालतो तुझ्या."

असं चालायचं.

आता एक गोष्ट नीट ऐका.

आमच्याकडे, कोकणात, नव्या जागेत मुक्काम करायचा तर आधी जागेवाल्याला विचारतात. प्रत्येक जागेला राखणदार असतो. त्याला नारळ द्यायचा, हात जोडून गाऱ्हाणं घालायचं, मग झोपायचं. अवधूतने पहिल्याच दिवशी ते केलं. तोक्योतल्या ओजिमाच्या भारतीय दुकानातून आणलेला नारळ वाळूत ठेवला, टेकडीकडे तोंड केलं आणि सुरू झाला.

"बा जागेच्या धन्या, म्हाराजा! आज तुझ्या वाळूत आमी दोघे येवन ऱ्हवलंव. चुकला-माकला पदरात घे. दोघे इलंव, दोघांकाच परत धाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" नचिकेत मागून ओरडला. हसत हसत. "पण काय रे, इथल्या भुताला मालवणी कळतं का? जपानीची एन-टू परीक्षा पास आहे का तो?"

अवधूतही हसला.

इथेच चूक झाली. गावचा राखणदार ओळखीचा असतो. आपल्या पाच पिढ्या त्याला नारळ देत आलेल्या असतात. इथे कोण आहे, कसा आहे, शब्द कसा धरतो, काही माहीत नाही. त्याच्या दारात जाऊन मोजून सांगितलं. दोघे आलो. दोघांनाच पाठव.

बरं. पुढे.

जानेवारीत अवधूतला एका कंपनीकडून बोलावणं आलं. कंपनी कावासाकीतलीच, पण दुसरी. जागा एकच. पण अवधूतचं जपानी म्हणजे आनंद. दुकानात पिशवी नको म्हणण्यापुरतं. त्यामुळे बायोडेटावर संपर्काचा नंबर कुणाचा? नचिकेतचा. फोन कुणी उचलायचा? नचिकेतने. आपल्या लोकांत हे सर्रास चालतं. ज्याची भाषा चांगली त्याच्या हातात आपली मान द्यायची आणि वर त्यालाच थँक्यू म्हणायचं.

इंटरव्ह्यू बुधवारी होता. सोमवारी नचिकेत फोनवर बराच वेळ "हाय, हाय", म्हणजे हो, हो, करत टेकडीवर फिरला. खाली आला.

"पुढच्या आठवड्यावर गेलं रे. त्यांचे साहेब आजारी आहेत."

"नक्की ना?"

"मी काय खोटं बोलतोय? तूच बोल मग पुढच्या वेळी."

अवधूतने इस्त्रीचा शर्ट पुन्हा बॅगेत ठेवला.

बुधवारी सकाळी गॅसची टाकी भरून आणायला निघायचं होतं. अवधूतने किल्ली फिरवली.

काहीच नाही.

दिवे लागले. रेडिओ लागला. इंजिन मात्र मुकं. साधं टक् सुद्धा नाही.

नचिकेत खाली शिरला, बाहेर आला, हात झटकले. "सेल्फ गेला. मोटर बदलावी लागणार. मी हामामात्सूत जाऊन आणतो."

"मीही येतो."

"गाडी कोण बघणार? सगळं सामान आहे आत. थांब तू. दुपारच्या आत आलोच."

आणि तो बसस्टॉपच्या दिशेने चालायला लागला. पाठीला लॅपटॉपची बॅग. अंगात चांगलं जॅकेट. अवधूतच्या मनात एकदा आलं, पार्ट आणायला लॅपटॉप कशाला? पण मित्रावर संशय घ्यायचा नसतो, नाही का? आपल्याला तसंच शिकवलंय. गाढवं कुठले आपण!

वारा जोरात होता. खिडकीवर वाळूचा एकसारखा आवाज. अवधूतने कांदा चिरला, पिठलं टाकलं, भात लावला. दोघांचा.

आणि मग...

वारा थांबला.

हळूहळू नाही. एकदम. कुणीतरी नळ बंद करावा तसा.

त्या किनाऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदाच शांतता. समुद्र टेकड्यांच्या पलीकडेच होता. त्याचाही आवाज नाही.

अवधूत हातात झारा घेऊन उभा राहिला.

टण्.

पायाखालून आवाज आला. लोखंडावर लोखंड.

टण्... टण्...

"नच्या?"

"हां. दहाचा दे रे."

नचिकेतचाच आवाज. अवधूतचा जीव भांड्यात पडला. तो दार उघडून बाहेर आला. पायरीच्या बाजूला गाडीखालून एक हात पुढे आलेला. तळवा वर. नेहमीसारखा.

"केव्हा आलास? हाक तरी मारायचीस. मिळाली का मोटर?"

"मोटर कशाला? तू पाना दे."

अवधूतने पाना हातावर ठेवला. बोटं मिटली. हात आत गेला.

हात स्वच्छ होता... ग्रीसचा एक डाग नाही. आणि मनगट मोकळं. नचिकेत अंघोळीलाही घड्याळ काढत नसे.

"घड्याळ कुठंय तुझं?"

पाना फिरल्याचा आवाज. कर्र... कर्र...

"अरे, बाहेर ये आधी. पिठलं केलंय. गरम आहे तोवर खा."

"तू जेवलास का?"

"तुझ्यासाठी थांबलोय."

"माझ्यासाठी थांबू नको रे. भूक लागली असेल तुला."

अवधूत मला म्हणाला, तेव्हाच काहीतरी खटकलं. नचिकेत असं कधी बोललाच नव्हता. नचिकेतने एवढ्या वर्षांत "वाढ" म्हटलं, "मीठ दे" म्हटलं. "तू जेवलास का" कधीच नाही.

तो वाकायला गेला. खाली बघायला.

"वाकू नकोस."

आवाज मऊ होता. पण अवधूत अर्ध्यातच थांबला. कंबर अवघडली तरी थांबला.

"का?"

"वाळू जाईल डोळ्यांत."

वारा तर बंद होता.

अवधूतने मान वळवून वाटेकडे पाहिलं. बसस्टॉपकडून येणारी वाट त्या वाळूतूनच होती. सकाळपासूनच्या वाऱ्याने ती सारवल्यासारखी सपाट झाली होती. स्वच्छ. कोरी.

त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

त्याने गाडीच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथेही नाही. टेकडीच्या बाजूला...

तिथे मात्र वाळूवर एक चर होता. माथ्यापासून थेट गाडीपर्यंत. पावलं नव्हती. काहीतरी सरपटत खाली उतरावं तसा एक सलग, रुंद चर... गाडीखाली शिरलेला.

पळावं तर पाय हलेनात. मग त्याने माणूस भीतीने करतो तेच केलं. काहीच झालं नाही असं बोलत राहिला.

"काय... काय बिघडलंय रे?"

"बिघडलं काहीच नाही. सेल्फची वायर काढून ठेवलेली."

"काढलेली? कुणी?"

पान्याचा आवाज थांबला.

"मीच."

अवधूतला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"सकाळी तू दात घासत होतास ना, तेव्हा. बाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं होतं. इंटरव्ह्यू पुढे गेलेला नाही अवध्या. आजच आहे. तुझ्या जागी मी जातोय. तू गावी परत गेलास असं सांगितलंय त्यांना."

आवाजात लाज नाही. पश्चात्ताप नाही. उद्या थंडी आहे, स्वेटर घाल, असं सांगावं तसा.

"मस्करी करू नको नच्या."

"मी खोटं कशाला बोलू? बारा नंबर दे."

हात पुन्हा बाहेर आला.

अवधूतने खिशातून मोबाइल काढला. नचिकेतचा नंबर लावला. मनात एकच, गाडीखाली रिंग वाजू दे. देवा रवळनाथा, खालीच वाजू दे!

खाली काही वाजलं नाही.

"हां बोल रे," फोनमध्ये नचिकेत. घाईत. धापा टाकत.

"कुठे आहेस?"

"दुकानात. हामामात्सूत. पार्ट मागवलाय, वेळ लागतोय जरा. तू जेवून घे आणि..."

त्याच्या मागे एक बाई गोड आवाजात बोलली. स्टेशनवरची उद्घोषणा. अवधूतला जपानी येत नव्हतं. पण तेवढा शब्द कळायला जपानी लागत नाही.

कावासाकी... कावासाकी...

अवधूत फोनकडे बघत राहिला.

"हॅलो? हॅलो? अवध्या?"

"अवध्या, बारा नंबर दे ना रे," खालून आवाज आला.



मग नचिकेतने अगदी बारीक आवाजात विचारलं, "तिथे कोण आहे तुझ्याबरोबर?"

"तूच आहेस," अवधूत म्हणाला. आणि फोन बंद केला.

आता मी तुम्हाला विचारतो. तुम्ही काय केलं असतं? पळाला असतात ना? शेत ओलांडून, किंचाळत. अवधूतही पळणार होता. मला तसं म्हणाला तो.

"पण विन्या, मी तिथे उभा होतो आणि मला भीतीच वाटेना रे. भीतीला जागाच उरली नव्हती. पोटात नुसती आग. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो, त्याने माझी भाकरी पळवली. आणि जे काही गाडीखाली होतं, त्याने मला खरं सांगितलं. मग परका कोण? तूच सांग."

त्याने खोक्यातून बाराचा पाना काढला आणि हातावर ठेवला.

यावेळी बोटं त्याच्या बोटांना लागली. थंड नव्हती. गरमही नव्हती. वाळू असते तशी... वरून कोमट, आत गार.

थोड्या वेळाने आवाज आला. "मार सेल्फ."

अवधूत चालकाच्या जागी बसला. किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात इंजिन लागलं. त्या गाडीचं इंजिन कधी असं लागलंच नव्हतं. ना खोकला, ना धूर. शिवणयंत्रासारखं.

मग मागचं दार उघडलं.

पायरी करकरली. गाडी एका अंगाने खाली बसली. एक माणूस चढला की बसते, तेवढीच.

दार लागलं.

"दोघे आलो होतो ना," मागून आवाज आला. "चल."

अवधूतने आरसा छताकडे फिरवून ठेवला. क्लच दाबला.

"बस नीट," तो म्हणाला. "रस्ता खराब आहे."

शेत सोडून ते डांबरी रस्त्याला लागले तेव्हा मागे वारा पुन्हा सुरू झाला...

हे सगळं मला अवधूतने सांगितलं ते नंतर. तोपर्यंत त्याला नोकरी मिळाली होती. कावासाकीची नाही, ती नचिकेतने गिळली. दुसरी, तोक्योतल्या कोतो भागात, कमी मानाची. पण मिळाली. गाडी त्याने भंगारवाल्याला दिली. ओजिमाच्या सरकारी इमारतीत एक छोटं घर घेतलं.

मी ऐकून हसलो होतो. "थकला होतास. एकटेपणाने होतं असं. वायर तूच लावलीस आणि विसरलास."

त्याने वादही घातला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नचिकेत मला भेटला एप्रिलमध्ये. गाल बसलेले. म्हणाला, "तुझं ऐकेल तो. मला फक्त माफी मागायची आहे. त्या दिवशी फोनवर जे ऐकलं, त्यानंतर मला झोप नाही रे."

मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, चला. दोघांचं तुटलेलं जुळलं तर बरं.

रविवारी दुपारी आम्ही ओजिमाला गेलो. खाली मुलं सायकली फिरवत होती, कुणाच्या तरी गॅलरीत फुतोनच्या गाद्या वाळत होत्या. जिन्यापर्यंत बांगड्याच्या तिखल्याचा वास. सगळं इतकं साधं, की मला माझीच लाज वाटली. आपण काय भुतं शोधायला आलोय का?

बेल वाजवली.

अवधूतने दार उघडलं. अंगावर चांगलाच भरला होता. चेहरा शांत. हातात भाताचा डाव. मला बघून हसला. मग त्याची नजर माझ्या खांद्यामागे गेली.

नचिकेत पुढे झाला. "अवध्या... चुकलो यार. शिव्या घाल, मार, पण..."

अवधूत त्याच्याकडे पाहत राहिला. रागाने नाही. चुकीच्या दारावर आलेल्या सेल्समनकडे बघावं तसं.

"आपण कोण?" त्याने विचारलं.

"अरे, मी... नचिकेत!"

"नचिकेत आत आहे," अवधूत म्हणाला. "जेवतोय."



म्हटलं, हा वेडा झाला. माझा भाऊ वेडा झाला. मी त्याचा हात धरायला गेलो आणि...

आतून पाट सरकल्याचा आवाज आला. वाटीत चमचा वाजला.

"अवध्या, कोण आलंय रे? उन्हात उभं नको करू त्यांना. जेवलेत का विचार."

तोच आवाज. तीच सदाशिव पेठी ढब. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा आवाज, दाराच्या आतून.

मी नचिकेतकडे पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"विन्या, तू ये ना," अवधूत मला म्हणाला. "तिखलं मस्त झालंय."

मी मान हलवली. नाही म्हणून. त्याने दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं, आत कुणी झोपलेलं असावं तसं.

लिफ्टमध्ये नचिकेत भिंतीला टेकून उभा होता. मग म्हणाला, "माझाच आवाज होता ना रे?"

"हो," मी म्हटलं.

"अगदी माझ्यासारखा?"

मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिलो.

तिथे कोण आहे, मला माहीत नाही. वाळूतून काय उठून आलं, ते माझ्या भावाचं काय करणार आहे, माहीत नाही. अवधूत खुशीत आहे. आईला दर रविवारी फोन करतो. मला जेवायला बोलावतो आणि मी कामाचं निमित्त सांगतो.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने.

त्या दारात मी दोन्ही आवाज ऐकले. एक बाहेर रडत होता, एक आत जेवत होता. आणि क्षणभर, अगदी क्षणभर, मला वाटून गेलं...

आतला बरा आहे.